बैलाचे दात आणि आपले

बाजारात बैल घ्यायला गेला की आमचा माणूस आधी जबडा उघडून बघतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, त्यावर किंमत. दलाल काय बोलतो ते कोणी मनावर घेत नाही. हाच माणूस दाढ ठणकली की पेणला उतरतो, जी पाटी पहिली दिसेल तिच्याखाली जाऊन बसतो आणि आ करतो. एक प्रश्न विचारत नाही. याचा मला राग येतो.

तिथवर जायलाही आम्ही वर्ष लावतो. आधी लवंग, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलमधली गोळी. गोळीने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. एक दिवस ठणका आपोआप बंद होतो नि माणूस म्हणतो, बरी झाली. बरी कसली? आतली नस मेली. मग मुळाशी पू धरतो, गाल भाकरीसारखा फुगतो. आणि मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, औषध नव्हे. बायकांना सांगायला जावं तर "आमच्या आयेने जन्मभर लावली" हे उत्तर तयार. आयेच्या तोंडात शेवटी दात किती उरले होते, ते कोणी सांगत नाही.

दुसरे ते गुलाबी पावडर कालवून, शेजारच्या दाताला चिकटवून, अर्ध्या तासात कवळी बसवून देणारे. स्वस्त पडतं. पण ते निघत नाही, खाली अन्न कुजतं, हिरडी सडते आणि शेजारचा चांगला दातही हलायला लागतो. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. नोंदणी नसलेल्याने हा धंदा करायचा नाही असं त्यात आहे. पूर्वीपासून पोटासाठी दात काढणाऱ्या, पदवी नसलेल्यांची तेव्हा वेगळी नोंद करून घेतली होती. म्हणून आज कोणी "वडिलांपासूनचा धंदा आहे" म्हणाला तर नोंदणी काय सातबारा आहे वारसाने लागायला?

पण सगळं पाप त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. चकचकीत काचेच्या आतही लूट आहे. मला एकाने नुसता आरसा फिरवून सांगितलं, "काका, तीन रूट कॅनॉल, वर कॅप, अठरा हजार." फोटो नाही, काही नाही. २०२४-२५ चा भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० होता; म्हणजे जवळजवळ आठ क्विंटल भात माझ्या तोंडात जायचा होता. मी उठलो. पुढच्या आठवड्यात रोह्याला दुसऱ्याने एक्स-रे काढला, तो उजेडात धरून मला दाखवला, एका दाढेत सिमेंट भरलं आणि बाकीच्यांना काही झालं नाही म्हणाला. त्या दाढांनी मी आजही वालाच्या शेंगा खातो. खुर्चीचं कर्ज, गाळ्याचं भाडं त्यांनाही असतं, कबूल. पण तो हप्ता माझ्या धड दाढेतून का फेडायचा?

म्हणून विचारा. नोंदणी नंबर काय? बीडीएस पाच वर्षांचं शिक्षण आहे, ते झालेल्याला नंबर सांगायला लाज वाटत नाही. रूट कॅनॉल म्हणाला की आधी एक्स-रे दाखवा म्हणा. अवजारं वाफेच्या यंत्रातून काढलेली, बंद पाकिटातली आहेत का ते बघा. खर्च कागदावर मागा. चिडला तर चप्पल घालून बाहेर या. "आजच करावं लागेल" अशी घाई सूज आणि ताप असेल तर खरी असते. नुसत्या कॅपसाठी नसते.

आणि मन मानत नसेल तर रोहा-दिवा गाडी आहे. पनवेलला उतरलं की कामोठ्याला दातांचं कॉलेज आहे. मुंबईला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी आहे. तिथे पोरं शिकत असतात खरी, पण मागे मास्तर उभा असतो. वेळ लागतो, खेपा होतात, एक दिवस मोडतो. मोडू दे की. तहसील कचेरीत एका फेरफारासाठी चार-चार खेटे घालतोच ना आपण?