मूतखडा : औषधीचें नांव आणि तिचा गुण

वैशाख मास आला कीं मूतखड्यावरील घरगुती औषध विचारणारीं पत्रें आमच्याकडे येऊं लागतात. ह्या दिवसांत घाम फार जातो, पाणी त्या मानानें पोटांत जात नाहीं, लघवी दाट होते आणि तींतील क्षारांचे कण जमून खडा बनतो.

आयुर्वेदांत ह्या रोगास अश्मरी म्हणतात. सुश्रुतानें तिची गणना आठ महारोगांत केली आहे. गोखरू, वायवर्ण्याची साल, पाषाणभेद, पुनर्नवा व कुळीथ हीं तिच्यावरील परंपरागत द्रव्यें होत. पैकीं कुळीथ घरोघरीं असतात. मूठभर कुळीथ रात्रीं भिजत घालावे; सकाळीं भरपूर पाण्यांत मऊ शिजवून वरचें पाणी गाळून घ्यावें आणि त्यांत जिरेपूड व लिंबाचा रस घालून तें कढण कोमट असतां प्यावें. मीठ अगदीं बेतानें घालावें. लिंबांतील सायट्रेट खडा जमण्यास विरोध करितें. मुख्य औषध मात्र पाणीच. दिवसाकाठीं दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी प्यावें. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारूनच प्रमाण ठरवावें.

पांच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआपच पडून जातात. आणि त्या दिवसांत जें औषध चालू असेल, त्यास श्रेय मिळतें. ह्याच समजुतीनें आमच्या घरीं अनर्थ झाला.

सन १९९८ च्या उन्हाळ्यांत आमच्या थोरल्या बंधूंची कूस दुखूं लागली. आम्ही त्या वेळीं शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. पाषाणास भेदणारा तो पाषाणभेद, असा समासाचा विग्रह आम्हीं घरांत मोठ्या दिमाखानें करून दाखविला व काढा सुरू केला. वस्तुतः ह्या एका नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतीं निरनिराळ्या वनस्पति दिल्या जातात. आपल्याकडे कित्येक घरीं पानफुटीसच तें नांव आहे. नांवावरून गुण सिद्ध होत नाहीं, हें आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं. वहिनी दुसऱ्याच दिवशीं म्हणाल्या, "भाऊजी, एकदां डॉक्टरांस दाखवूं या." आम्हीं शास्त्राचें नांव घेऊन त्यांस गप्प केलें. आठव्या दिवशीं बंधूंस हुडहुडी भरून ताप आला व लघवी जवळजवळ थांबली. इस्पितळांत नळी घालून तुंबलेली लघवी काढली. बंधू वांचले, परंतु त्या बाजूचें मूत्रपिंड कायमचें निकामी झालें. वहिनींनीं आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं.

लहान अश्मरीवर औषध व वाढलेल्या अश्मरीवर शस्त्रक्रिया, हा भेद सुश्रुतानेंच केला आहे. ग्रंथांतील सोयीचें तेवढेंच आम्हीं घेतलें. आतां सोनोग्राफीनें खडा किती मोठा व कोठें अडकला आहे हें बहुधा कळतें. तें पाहिल्यावांचून काढ्यावर दिवस काढूं नयेत.

थंडी वाजून ताप येणें, लघवी बंद होणें किंवा तींतून रक्त जाणें, ओकाऱ्या न थांबणें, वेदना असह्य होणें, ह्यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास तत्काळ इस्पितळ गांठावें. रुग्ण गर्भवती असल्यास किंवा त्यास एकच मूत्रपिंड असल्यास तर घटकाभरही थांबूं नये. आणि घरांतील कोणीं "डॉक्टरांकडे जाऊं या" असें म्हटलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास विग्रह सांगत बसूं नये.