हजेरीचे बक्षीस की हुन्नराचे?

आपल्याला बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला. त्यावर हॉकी खेळतात हे आपण टीव्हीवरच पाहिलेले. तरीही तिथला एक अन्याय मला बरेच दिवस डाचतो आहे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात हजेरीचे बक्षीस वेगळे असते आणि गुणवत्तेचे वेगळे. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये नवोदितांच्या बाबतीत या दोन बक्षिसांची गल्लत झाली आहे.

पहिल्याच हंगामात चमकलेल्या खेळाडूला तिथे कॅल्डर ट्रॉफी मिळते. हॉकी पत्रकारांची संघटना मतदान करते. प्रत्येक जण पाच नावे क्रमाने लिहितो आणि त्यांना 10, 7, 5, 3, 1 असे गुण मिळतात. पुरस्काराच्या व्याख्येत शब्द आहे तो प्रावीण्याचा. किती सामने खेळलात, हे व्याख्या विचारत नाही.

आता 2015-16 चा हंगाम पाहा. एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड, वय 18. तेराव्या सामन्यात, 3 नोव्हेंबर 2015 रोजी, तो कठड्यावर आदळला आणि कॉलरबोन मोडले. 37 सामने हुकले. फेब्रुवारीत परतला आणि एकूण 45 सामन्यांत गोल व सहाय्य मिळून 48 गुण केले. शिकागोच्या आर्तेमी पानारिनने 80 सामन्यांत 77 केले. म्हणजे दर सामन्यामागे मॅकडेव्हिड पुढे. पण ट्रॉफी पानारिनला, आणि मॅकडेव्हिड तिसरा! पानारिन तेव्हा 24 वर्षांचा, रशियातल्या मोठ्या लीगमध्ये अनेक हंगाम मुरलेला. तो लायक नव्हता असे मी म्हणत नाही. माझे भांडण मतदारांच्या तर्काशी आहे.

कुणी म्हणेल, मैदानात उतरणे हाही गुणच, आणि न खेळलेल्या सामन्यांचे गुण कसे द्यायचे? देऊच नका. पण कापूही नका. संघाला कोण किती उपयोगी पडला, हे मोजायला हार्ट ट्रॉफी आहे. शिवाय हाच न्याय सर्वांना लावता का? जानेवारी 2024 मध्ये शिकागोच्या कॉनर बेडार्डचा जबडा मोडला, 14 सामने हुकले. 68 सामन्यांत त्याचे 61 गुण. मिनेसोटाचा बचावपटू ब्रॉक फेबर सगळेच्या सगळे 82 सामने खेळला. जिंकला बेडार्ड. मला निकाल पटला, पण मग हजेरीचे काय झाले? 14 माफ आणि 37 गुन्हा, तर रेघ नेमकी कुठे? ती कुठेच लिहिलेली नाही. ज्याच्या त्याच्या मनात आहे.

खरी मेख पुढेच आहे. आधीच्या एका हंगामात 25 पेक्षा जास्त सामने खेळलेला खेळाडू नवोदित राहत नाही. मॅकडेव्हिड जायबंदी झाला तेव्हा त्याचे 13 सामने झाले होते. वर्षभर घरी बसला असता, तर पुढच्या वर्षी पुन्हा नवोदित म्हणून उभा राहिला असता. आणि 2016-17 मध्ये त्याने काय केले? 100 गुण, आणि लीगमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूची हार्ट ट्रॉफी! हाड जुळताच तो खेळायला आला, ही त्याची चूक ठरली. जो नियम घरी बसणाऱ्याला संधी राखून ठेवतो आणि परतणाऱ्याची काढून घेतो, तो नियम पोरांना काय शिकवतो?

उपाय अवघड नाही. 82 चे अर्धे 41. तेवढे सामने जो खेळला, त्याचा खेळ पाहा, गैरहजेरी मोजू नका. दुखापतीमुळे ज्याचे तेवढेही झाले नाहीत, त्याला पुढच्या वर्षी नवोदितच धरा. एकदा रेघ लिहून टाका आणि मग मते द्या.

बाकी पुरस्कार पुन्हा जिंकता येतात. पहिले वर्ष मात्र एकदाच येते. मोडलेल्या हाडाची शिक्षा हाडानेच भोगलेली असते. वर मतपत्रिकेने आणखी कशाला द्यावी?