घर नाकारल्याची तक्रार आणि चौकशीला येणारा साहेब

सीमाभागातल्या मराठी माणसाला तक्रार अर्ज लिहायला शिकवावे लागत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब हे कलम आले, भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला, आणि तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या अर्ज करीत आल्या. अर्जाचे पुढे काय होते तेही आता पाठ झाले आहे. आयुक्तांना हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. अर्ज बेंगळुरूला जातो, तिथून जिल्ह्याला येतो आणि ज्या टेबलाविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच टेबलावर खुलाशासाठी ठेवला जातो. खुलासा काय येणार? "तशी वस्तुस्थिती नाही."

हा अनुभव आज आम्ही वेगळ्या कारणासाठी आठवतो आहोत. जात, धर्म, भाषा विचारून भाड्याची जागा नाकारली जाते. त्याची कुणी तक्रार केली, तर तिची चौकशी करणारा माणूस तरी तयार केलेला आहे काय?

२०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका महिलेला मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्र खवळला, आपल्याकडेही चौकाचौकांत चर्चा झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो अडवणूक आणि धमकीसारख्या कलमांखाली. जागा नाकारली, या मूळ गोष्टीला कलमच नव्हते. घटनेचे १५ वे कलम दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांची नावे घेते, भाड्याच्या घराचे घेत नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा संस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

म्हणून कायदाच नाही असे म्हणून हात झटकायचे, तर तेही खरे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे, त्या दोन्हींत घर भाड्याने नाकारण्याला स्पष्ट मनाई आहे. कर्नाटकात नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालय आहे, त्याची विभागीय कचेरी बेळगावात आहे. कलम आहे, कचेरी आहे, साहेब आहे. मग अडते कुठे?

अडते ते 'नाही' म्हणण्याच्या रीतीत. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे आपण ऐकलेले असते. त्यापुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकाने घरचे नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने बायको गावाहून आली की विचारतो म्हटले. तोंडावर 'नाही' कुणीच म्हटले नाही! पुढे आठ वर्षांनी, १९२५ च्या एप्रिलात, हेच बाबासाहेब आपल्या निपाणीत मुंबई इलाख्याच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते.

आज बेळगावात शिकायला वा नोकरीला आलेल्या पोराला काय ऐकावे लागते? आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते. सांगितल्यावर घरमालकाचा भाचा पुण्याहून यायचा असतो, नाहीतर रंगकाम निघते, नाहीतर "आमच्यात मांसाहार चालत नाही" हा रामबाण असतो. पोराने समजा अर्ज दिलाच, तर पंधरा-वीस दिवसांनी हवालदार घरमालकाला विचारतो, "जात बघून नाकारलं काय हो?" घरमालक कशाला हो म्हणतोय! पुरावा नाही, प्रकरण निकाली.

इथे प्रामाणिक पण न शिकलेला अधिकारीही हरतो, कारण या गुन्ह्याचा पुरावा घरमालकाच्या जबाबात नसतोच. तो आजूबाजूला असतो. भाचा खरेच आला का? खोली पुढे कुणाला गेली, किती दिवसांनी, किती डिपॉझिटवर? एजंटाने त्याच आठवड्यात तीच खोली आणखी कुणाला दाखवली? यासाठी पहिल्या दोन-चार दिवसांतच जावे लागते, कारण खोलीत बिऱ्हाड आले की माग पुसला जातो.

अमेरिकेत घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध १९६८ साली कायदा झाला. तिथे चौकशी शंभर दिवसांत पुरी करण्याचे बंधन आहे आणि एक साधी युक्ती वापरतात. पगार, कुटुंब, राहणी सारखी असलेली पण वर्ण वेगळा असलेली दोन माणसे एकाच घरमालकाकडे पाठवायची आणि दोघांना काय उत्तर मिळते ते लिहून काढायचे. जागा बघायला पाठवलेल्या अशा माणसाला खोटी माहिती दिली तर तोही दाद मागू शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरवले. २००४ साली तर अशा तपासनिसांसाठी सरकारने वेगळी प्रशिक्षण अकादमीच काढली. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली परिसरात याच धर्तीची पाहणी केली. सवर्ण नावाला मोकळे असणारे दार दलित आणि मुसलमान नावाला एकतर बंद झाले, नाहीतर अटी घालून किलकिले झाले. तेव्हा पद्धत परकी म्हणून इथे चालणार नाही, हे म्हणणे लंगडे आहे.

अधिकारी कसा असावा हे तर आपल्याच नियमांत लिहिले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, आणि तो नेमताना त्याचा अनुभव, न्यायबुद्धी आणि प्रकरणाचे मर्म ओळखण्याची कुवत पाहायची असते. मर्म ओळखण्याची कुवत पदोन्नतीबरोबर आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते. आपल्या खानापुरात पोलिसांची प्रशिक्षण शाळा आहे. तिथे या एका विषयावर आठवडाभराचा वर्ग घेणे सरकारला जड नाही.

त्या वर्गात भाषेचा धडा हवाच. तक्रारदार बोलतो मराठीत, जबाब लिहिला जातो कन्नडात आणि खाली सही घेतली जाते. "मला आडनाव विचारलं आणि मग खोली नाही म्हणाले" या वाक्यातला 'मग' जबाबात उतरला नाही, तर प्रकरणाचा जीवच गेला. उलट निपाणीत किंवा खानापुरात एखाद्या कन्नड भाषिकाला मराठी मालकाने भाषेवरून परत पाठवले, तर त्याचाही जबाब त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत लिहिला जावा. हा आग्रह आपण केला तरच आपल्या मागणीला वजन राहील.

आणि मालक कोण, हेही बघायला हवे. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीत भाड्याने दिलेल्या खोल्यांपैकी कितीतरी आपल्याच जुन्या मराठी घराण्यांच्या आहेत. चौकशीला शिकलेला साहेब आला तर तो आपल्या माडीचाही जिना चढेल. काही बांधवांना हे रुचणार नाही. पण फक्त मुलुंडपुरता संताप ठेवणाऱ्याचे निवेदन कुणी दुसऱ्यांदा वाचणार नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. नागरी हक्क संचालनालयाच्या बेळगाव कचेरीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रशिक्षणाच्या मागणीचे निवेदन द्यावे, मराठीत आणि कन्नडात. दलित आणि मुस्लिम संघटनांच्याही सह्या घ्याव्यात. दोन्ही ठिकाणी तारखेसह पोच घ्यावी.