वाट राखणाऱ्या



पाऊस सरला की मुंबईच्या उपनगरांतल्या गिर्यारोहण मंडळांची लगबग सुरू होते. मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'ची 'सह्यांकन' ही अनेक दिवसांची पदभ्रमण मोहीम तुमच्यापैकी काहीजणींना माहीत असेल. लांब पल्ल्याची वाट नुसती नकाशावर आखून भागत नाही. आधी कुणीतरी ती चालून बघावी लागते. चार महिन्यांत गवत आणि कारवी माजलेली असते, पावसाचं पाणी वाटेवरूनच धावल्याने तिची घळ झालेली असते. मग कोयत्याने झाडोरा काढायचा, पाणी बाजूला वळावं म्हणून दगडांची तिरकी ओळ घालायची, चुकण्याच्या जागी बाण रंगवायचा. नोकरी सांभाळून, रविवारी, पदरमोड करून लोक हे करतात. या श्रमदानाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका मंडळाबरोबर (नाव मुद्दाम देत नाही) आमच्या घाटकोपरच्या वस्तीगटातल्या चौघी आणि मी एका किल्ल्याच्या वाटेवर कामाला गेलो. सकाळी कामाची वाटणी झाली. पहार, कुदळ, कोयता पुरुषांकडे. आम्हा पाचजणींकडे आणि मंडळातल्या दोन मुलींकडे चहा, पोहे, दुपारची खिचडी. हेतू वाईट नव्हता. "तुम्हाला झेपणार नाही," असं अगदी प्रेमाने सांगितलं गेलं. 1972च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांत बायका किती होत्या, हे त्या तरुणांना कुणी सांगितलंच नसावं. आमच्यातल्या एकीने बारा वर्षं बांधकामावर घमेली वाहिली आहेत. तिने काही न बोलता पहार उचलली आणि दोघांना न हललेला दगड हलवला. खिचडी त्या दिवशी उशिरा झाली, एवढंच.

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी 1921मध्ये तिची कल्पना मांडली, 1937मध्ये ती सलग झाली. आजही तिची बरीचशी निगा स्वयंसेवकांची मंडळं राखतात. 1955मध्ये एमा गेटवूड ही 67 वर्षांची, अकरा मुलांची आई ती वाट एकटीने चालली. नवऱ्याची वर्षानुवर्षं मारहाण सोसून, शेवटी घटस्फोट घेऊन सुटलेली बाई. घरी म्हणाली, जरा फिरायला जाते. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. पण तिचं कौतुक करताना एक गोष्ट राहून जाते. वाटेवर खुणा नाहीत, झाडं आडवी पडली आहेत, हे तिने वार्ताहरांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यामुळे वाटेच्या निगेकडे लोकांचं लक्ष गेलं. म्हातारीने निव्वळ चालून थांबायचं नाकारलं!

इतक्या लांब कशाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच बघा. तिथल्या पाड्यांवरच्या वारली बायका पाण्याला, बाजाराला, धुण्याभांड्याच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटांनी गेल्या, त्या त्यांच्याच पायांनी रुळल्या. त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही. किल्ल्याच्या वाटेवर आम्ही कारवी तोडली तर प्रमाणपत्र मिळतं. अभयारण्यात त्यांनी चुलीसाठी फांदी तोडली तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा. जंगल राखायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण गॅसचं सिलिंडर दारात येणाऱ्या माझ्यासारखीने हे वाक्य जरा दबकतच म्हणावं.

येत्या मोसमासाठी त्या मंडळाशी आमची बैठक झाली. स्वयंपाक पाळीपाळीने, हे तासाभरात मान्य झालं. आडोशाची सोय कामाच्या जागेजवळ हवी, हेही. खरं भांडण पायथ्याच्या गावातल्या बायकांवरून झालं. वाट त्यांना आमच्याहून चांगली ठाऊक. मग त्यांनी आमच्याबरोबर फुकट राबायचं का? मंडळ म्हणालं, श्रमदानात पैसा आला की भावना जाते. आमच्याही गटात दोघींचं तसंच मत पडलं. मी म्हटलं, आपला रविवार सुट्टीचा असतो, त्यांचा रोज बुडतो. शेवटी गावात चालू असलेली पुरुषाची मजुरी त्यांना द्यायची, असं ठरलं. वर्गणी वाढेल.

पहारी मात्र दोनच आहेत. कुणाच्या घरी पडून असेल तर कळवा.