हिशेब तपासणाऱ्यांचा हिशेब कोण मागणार?

1 जुलै जवळ आला की ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत फलक लागतात. सीए दिवस. सकाळी टी-शर्ट घालून दौड, मग झेंडावंदन, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, संध्याकाळी सभागृहात सत्कार, दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत फोटो. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागाची एक शाखा ठाण्यात आहे, दुसरी कल्याण-डोंबिवलीची. रक्तदानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपल्या वस्त्यांतही रक्तदान होते, त्याचा फोटो त्या पुरवणीत येत नाही एवढेच. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या व्यवसायाचे काम हिशेब तपासणे आहे, तो समाजासमोर येताना हिशेब सोडून बाकी सगळे का करतो?

एक कारण कायद्यात आहे. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने एकट्या सीएने जाहिरात करून कामे मागण्यावर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे या व्यवसायाचा चेहरा सामूहिक कार्यक्रमांतून आणि माध्यमांतून तयार होतो. तो मोठ्या मेहनतीने तयार केला जातो. राष्ट्रउभारणीचे भागीदार अशी स्वतःची ओळख हे लोक सांगतात. 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी लागू झाला त्याच दिवशी, पंतप्रधानांनी दिल्लीत सीएंसमोर भाषण केले आणि सीएच्या सहीत जी ताकद आहे ती पंतप्रधानाच्या सहीतही नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. टाळ्या पडल्या. सहीची ताकद आम्हीही मानतो. म्हणूनच ही सही कोणाच्या हातात आहे आणि ती कोणत्या कागदावर होते, हे विचारतो आहोत.

माध्यमांतला या मंडळींचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे 1 फेब्रुवारी. अर्थसंकल्प संपता संपता वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत सीएंची रांग लागते. 2025 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, ही घोषणा झाली आणि दोन दिवस दुसरा विषयच उरला नाही. कोळसेवाडीत, वालधुनीत, वागळे इस्टेटच्या चाळींत 12 लाख कमावणारी घरे किती? त्याच अर्थसंकल्पासोबत खर्चाच्या तपशिलाचा खंड येतो. त्यात 10-अ क्रमांकाचे विवरणपत्र असते: अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी कोणत्या खात्याने किती तरतूद दाखवली. 10-ब आदिवासींसाठी. या विवरणपत्रात सर्वसाधारण योजनांचे आकडेही अनुसूचित जातींच्या नावावर मांडले जातात, हा आक्षेप दलित संघटना कित्येक वर्षे घेत आहेत. हे पान उघडून वाचायला तीन तासांचे काम आहे आणि हिशेबाचे शिक्षण असलेल्या माणसाइतके ते कोणीच नीट वाचू शकत नाही. पण वाहिनीवर बसलेला सीए ते उघडत नाही. निवेदकही विचारत नाही.

यावर ठरलेले उत्तर येईल: सरकारी खर्च तपासणे हे कॅगचे काम, आमचे नाही. अर्धे खरे आहे. अर्थसंकल्पातल्या करांवर बोलताना हे बंधन कोणाला आठवत नाही. खर्चाचा विषय निघाला की मात्र अधिकारक्षेत्र आठवते. दुसरे असे की सरकारी कंपन्यांचे वैधानिक लेखापरीक्षक कॅग नेमतो, पण नेमतो ते सीएंच्या पेढ्यांतूनच. कंपनी कायद्यातच तशी तरतूद आहे. आपल्या समाजासाठी काढलेली महामंडळे या रचनेत येतात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 चे, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ 1985 चे. अण्णाभाऊ साठे महामंडळाचे काय झाले ते ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. माजी अध्यक्ष रमेश कदम यांना 2015 मध्ये अटक झाली, आरोप शेकडो कोटींच्या अपहाराचा होता आणि त्यांचा तुरुंगवास बराच काळ ठाण्यातच गेला. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे तेव्हा होतील. पण मातंग समाजातल्या ज्या पोराला रिक्षासाठी किंवा दुकानासाठी कर्ज हवे होते, त्याच्या नावाचा पैसा वळत असताना ताळेबंदावर कोणाची नजर होती? वर्षानुवर्षे थकलेले हिशेब हा राज्याच्या महामंडळांचा जुना आजार आहे. कॅगचे अहवाल तो पुन्हा पुन्हा नोंदवतात. यावर सीए दिवसाला एखादे व्याख्यान ठेवायला काय हरकत आहे?

मे 2025 मध्ये तर खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळावेत, आपल्याही बहिणी त्यात आहेत. मात्र एका शीर्षाखालचा निधी दुसऱ्या शीर्षाखाली नेणे म्हणजे काय, हे जनतेला सोप्या भाषेत समजावणे हेच तर या व्यवसायाचे सामाजिक कार्य असायला हवे होते. ते काम वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी फाटक्या झेरॉक्सवर केले.

आता सहीचा हात. इन्स्टिट्यूटचे सदस्य चार लाखांहून अधिक आहेत. त्यातल्या स्त्रियांचे प्रमाण संस्था अभिमानाने सांगते, आणि सांगायलाच हवे. मग अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण त्याच व्यासपीठावरून का सांगितले जात नाही? लगेच गुणवत्तेचा पाढा सुरू होईल: परीक्षा सर्वांना खुली आहे, उत्तरपत्रिकेवर जात नसते. उत्तरपत्रिकेवर नसेलही. पण सीए नुसत्या परीक्षेने होता येत नाही, आर्टिकलशिप करावी लागते. आधी तीन वर्षे होती, 2023 च्या नव्या योजनेत दोन झाली. या काळात कोणत्या तरी पेढीने तुम्हाला घ्यावे लागते. ती जागा परीक्षेने मिळत नाही, ओळखीने मिळते. डोंबिवलीत ज्याचा काका, मामा, शेजारी सीए आहे, त्याच्यासाठी एक फोन पुरतो. आपल्या अभ्यासिकेतला मुलगा बायोडेटा घेऊन जातो तेव्हा आडनाव विचारले जाते, मग राहायला कुठे, मग वडील काय करतात. तिसऱ्या प्रश्नानंतर जागा भरलेली असते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्या आजीकडे यासाठी जास्त नेमका शब्द होता, तो इथे लिहीत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेत सार्वजनिक लेखापाल होण्यासाठी बहुतेक राज्यांत आधीच्या लेखापालाच्या हाताखाली अनुभव घेण्याची अट होती आणि गोऱ्या पेढ्या काळ्या उमेदवाराला दारात उभे करत नव्हत्या. वॉशिंग्टनचे जॉन क्रॉमवेल 1921 मध्ये पहिले कृष्णवर्णीय सीपीए झाले ते दूरच्या न्यू हॅम्पशायर राज्यात जाऊन, कारण तिथे अनुभवाची अट नव्हती. परीक्षा खुली होती, दार बंद होते. 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय लेखापालांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली आणि व्यवसायाला मोजणी करायला भाग पाडले. दक्षिण आफ्रिकेत पहिला कृष्णवर्णीय सीए, वाइझमन न्कुहलू, 1976 मध्ये झाला. तिथल्या सीए संस्थेने नंतर थुथुका नावाची योजना काढली: कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, वसतिगृह, शिकवणी, पुढे पेढीत जागा. 2011 मध्ये या व्यवसायासाठी परिवर्तनाची वेगळी संहिताही आली. तिथे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आकडा लपवून ठेवण्याची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही.

आणि आपल्याकडे? नोव्हेंबर 2022 मध्ये जगभरच्या लेखापालांची परिषद मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरली. 118 वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा भारतात, याचा केवढा गाजावाजा झाला. विश्वास आणि शाश्वतता हे विषय होते. तिथून लोकलने तासाभरावर कल्याण पूर्व आहे. आपली बी.कॉम. झालेली मुले तिथे टॅलीवर नोंदी करतात, त्यांच्या नोंदींवर तयार झालेल्या ताळेबंदावर दुसऱ्याची सही होते.

या मुलांना आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो. बाबासाहेब परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअर व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. कोलंबियाची गुणवत्ता होती, उपयोग झाला नाही. तरी ते हिशेबाच्या क्षेत्रापासून दूर गेले नाहीत. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. 1925 ते 1928 या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे हिशेबनीसांच्या एका पिढीला कायदा शिकवणारा माणूस आपला होता. 30 मे 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षक हा कदाचित संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. त्यानंतर महिनाभरातच, 1 जुलैला, चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला. सीए दिवसाच्या भाषणांत हा योगायोग कोणी सांगत नाही, तर आपण सांगू.

चळवळीतल्या एका खोडीबद्दलही बोलले पाहिजे. पुष्कळ विहारांच्या न्यासांमध्ये हिशेब म्हणजे कोणाच्या तरी घरातली वही. सार्वजनिक न्यास कायद्यानुसार दरवर्षी लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात अहवाल द्यायचा असतो. तो जात नाही, विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज जात नाही. मग वाद उभा राहिला की विहाराची जागाच अडकते. व्याख्यानांना गर्दी जमते, पावतीपुस्तक जुळवायला दोन माणसे मिळत नाहीत. हिशेब हे वाण्या-बामणाचे काम ही समजूत त्यांनी लादली हे खरे. ती टिकवण्याचे काम मात्र आपल्यातलेच काही नेते करतात, कारण वही घरात असली की प्रश्न येत नाहीत.

येत्या 1 जुलैला ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शाखांना निवेदन द्यायचे ठरले आहे. सदस्य आणि विद्यार्थ्यांची सामाजिक वर्गवारी जाहीर करा. आर्टिकलशिपच्या रिकाम्या जागा शाखेच्या फलकावर लावा, फोनवर भरू नका. इन्स्टिट्यूटच्या परिषदेत 32 पर्यंत निवडून आलेले आणि 8 पर्यंत केंद्र सरकारने नेमलेले सदस्य असतात. नेमणुकीच्या जागांवर आपले प्रतिनिधी का नकोत, हे केंद्राला वेगळे पत्र लिहून विचारू. आणि वर्षातून एक दिवस शाखेने वस्तीत येऊन 10-अ विवरणपत्र वाचून दाखवावे. रक्तदान त्याच मंडपात करू.

मसुदा तयार आहे. कोळसेवाडी, वालधुनी आणि वागळे इस्टेटमधल्या अभ्यासिकांत रविवारी सह्या घेऊ. सहीपुढे प्रत्येकाने आपले शिक्षण आणि सध्याचे काम लिहावे. टॅली ऑपरेटर असाल तर तेच लिहा, किती वर्षे तेही लिहा.