प्रेशर वॉशर बंद पडला? आधी वीज तोडा, मग दोष शोधा

सर्व रहिवाशांना तातडीचे आवाहन

दसरा-दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. पावसाळाभर बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात पडून राहिलेले प्रेशर वॉशर आता बाहेर निघतील. काही सुरूच होणार नाहीत, काही मध्येच धापा टाकतील. अशा वेळी ओल्या फरशीवर, अनवाणी, प्लग न काढताच मशीन उघडायला बसू नका. घरी दुरुस्त होण्याजोगे बहुतेक दोष पाण्याच्या बाजूचे असतात. त्यासाठी मशीनचा एकही स्क्रू काढावा लागत नाही.

सर्वात आधी बटण बंद करा. हात कोरडे करून, पायात रबरी चप्पल घालून प्लग काढा. प्लगपाशी पाणी साचले असेल किंवा मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर कशालाही न शिवता घरातला मेन स्विच पाडा. मग नळ बंद करून गनचा खटका दाबून धरा आणि आतला दाब पूर्ण जाऊ द्या. वीज तोडली तरी पाइपात दाब शिल्लक असतो. घरगुती मशीन साधारण १०० बारपर्यंत दाब देते; मोटारीच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम सव्वादोन बार.

आता पाण्याची बाजू तपासा.

१. नळाखाली १० लिटरची बादली लावा. ती दीड मिनिटात भरत नसेल, तर पाणीच कमी पडते आहे. गच्चीवरच्या टाकीलगतच्या मजल्यांवर हे हमखास होते.

२. पाइप जोडतो तिथली जाळी काढून धुवा. टाकीतला गाळ आणि गंज तिथेच अडकतो.

३. धार थांबून थांबून येत असेल, तर नोझल काढा, बारीक टाचणीने छिद्र मोकळे करा, उलट बाजूने पाणी सोडा.

४. वीज बंद ठेवून नळ सोडा आणि खटका दाबून धरा. बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत हवा बाहेर जाऊ द्या. पाण्याविना मशीन चालवू नका. पंपाची सीलं जातात.

५. खटका सोडल्यावर मोटर थांबते, असा बऱ्याच मशीनचा बेतच असतो. तो बिघाड नव्हे. पण खटका सोडलेला असताना मोटर सारखी चालू-बंद होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. जोड आणि वॉशर पाहा.

मोटर नुसती गुणगुणत असेल, तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. १८०० वॉटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर करंट घेते. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटचे किंवा बारीक वायरीच्या लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डाचे ते काम नव्हे. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला थेट लावून पाहा. तरीही गुणगुणले, जळका वास आला, वायर सोललेली दिसली किंवा स्विच वारंवार ट्रिप होत असेल, तर तुमचे काम संपले. मशीन कारागिराकडे न्या. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

‘एमसीबी आहे, काही होत नाही,’ या भरवशावर राहू नका. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. माणसाचा जीव जायला काही दशांश अँपिअरसुद्धा लागत नाही, ०.०३ अँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा. तो घरात असेल, तर त्याचे टेस्ट बटण आजच दाबून पाहा. खटका पडला नाही, तर वायरमनला बोलवा. आरसीसीबी नसेल, तर तो बसवल्याशिवाय हे मशीन लावू नका. आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून थ्री-पिनचा जाड अर्थिंगचा पिन कुणीही तोडू नका.

कुणाला शॉक बसलाच, तर त्याला धरून ओढू नका. मेन स्विच पाडा, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. धार हातापायात घुसली आणि वर टोचल्याएवढीच खूण दिसली, तरी आत मोठी इजा झालेली असू शकते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जा आणि जोराच्या धारेने इजा झाल्याचे स्पष्ट सांगा.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना खास विनंती. मशीन आपले असले, तरी ते हातात धरणारा बहुधा गाड्या धुणारा मुलगा किंवा टाकी साफ करणारा कामगार असतो. त्याला बंद पायांचे बूट द्या, पार्किंगमधल्या सॉकेटचे अर्थिंग आणि आरसीसीबी सफाई सुरू होण्याआधी तपासून घ्या. मशीन झिणझिण्या देते असे त्याने सांगितले, तर काम त्याच क्षणी थांबवा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. मजुरी कापली जाईल या भीतीने तो पुढच्या वेळी सांगणारच नाही.