तूस गोंदियाचं, राख दारची

फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की केमिकलच्या एखाद्या तरी ग्रुपचं शीर्षक असतं 'भाताच्या तुसापासून सिलिका'. विषय उत्तमच आहे. भाताच्या वजनाच्या सुमारे २० टक्के तूस, तुसाच्या सुमारे २० टक्के राख, आणि नीट जाळली तर त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. गुडइयरने २०१४ मध्ये अशा राखेची सिलिका टायरमध्ये वापरायचं जाहीर केलं.

पण आमच्याकडे भात पिकतो कुठे? मी जांब समर्थचा. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून लोक ओळखतात. शेतात मात्र कापूस, तूर, सोयाबीन आणि गोदाकाठचा ऊस. तूस आणायचं तर गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमधून. ट्रकचं डिझेल जाळून आणलेल्या कचऱ्याला 'ग्रीन' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

मग आपलं काय? पऱ्हाटीत सिलिका फारच थोडी, तिचा नाद सोडा. ज्वारीच्या पानात असते, पण कडबा हा कचरा नव्हे, बैलाच्या तोंडचा घास आहे! उरतो ऊस. टनामागे २८०-३०० किलो बगॅस निघतो, तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो. राख टनामागे काही किलोच, पण हंगामात रोज हजारो टन गाळप, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. ही राख बहुधा खड्ड्यात नाहीतर विटांत जाते.

अडचण खरी आहे, लपवत नाही. उसाला चिकटून आलेल्या मातीचा क्वार्ट्झ राखेत येतो. तो साध्या कॉस्टिकमध्ये उकळून विरघळत नाही. शिवाय बॉयलरचं तापमान जास्त झालं की वनस्पतीची सिलिकाही स्फटिक होते, आणि तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. म्हणून आधी बगॅस धुवावा, ६०० अंशांच्या आसपास जाळून पाहावा, मग बॉयलरच्या राखेशी तुलना करावी. खरा प्रोजेक्ट इथे आहे, कारण याचं उत्तर रेडीमेड मिळत नाही.

दुसरं, केमिस्ट्री. बाजारातली सिलिका करताना वाळू आणि सोडा १३००-१४०० अंशांना वितळवतात, मग सल्फ्युरिक ॲसिड ओततात, आणि मागे उरतं सोडियम सल्फेटचं पाणी. राख असली की ती भट्टी वाचते, सुमारे १०० अंशांत काम होतं. पण पुढे आपली पोरं तेच ॲसिड ओततात आणि बेसिनमध्ये सोडून देतात. बंगलोरच्या आयआयएससीने तुसाच्या राखेसाठी बसवलेली पद्धत वेगळी आहे: ॲसिडऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडायचा, सिलिका खाली बसते, उरलेल्या सोडियम कार्बोनेटला चुना दिला की कॉस्टिक परत हातात. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबताना हाच वायू निघतो आणि चुनाही कारखान्यात असतोच. आणखी काय पाहिजे?

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, प्रोजेक्ट मात्र जुलैत ठरतात. तोवर नमुना नाही म्हणून कुणी अडू नये. गेल्या हंगामातलं राखेचं एक पोतं माझ्या कॉटखाली आहे. रूमपार्टनर रोज कटकट करतो, तेव्हा लवकर न्या.